हॉर्नबीसाहेबांस वेळेआधी घडलेले शाही स्नान

विजयादेवी कोणाच्या घरी फार दिवस टिकत नाही, हे ध्यानी धरून तिचे चरणी मस्तक ठेविले आणि मग लेखणी उचलिली. शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सरी, कार्तिक वद्यात, समुद्रापार एका विद्यापीठाच्या दौलतीत वर्तमान जाहले ते ऐसें.

त्या मुलखी विद्या दुय्यम. लांबोळा चेंडू बगलेत मारून शत्रूच्या हद्दीत शिरावे आणि शिरणाऱ्यास आडवे करावे, हाच तेथील राजधर्म. फौजेचे सेनापती रॉस्को हॉर्नबीसाहेब, साठीला टेकलेले, ओरडून ओरडून घसा बसलेला. आधी एके दौलतीत हरले म्हणून काढिले गेले, मग दुसरीत जिंकले तर धन्यास आणखी मोठा सेनापती हवासा जाहला आणि तेथूनही निघाले, आणि दर खेपेस पत्नी ग्रेटाबाईसाहेब मुकाट सामानाची खोकी बांधीत. यंदा प्रधानमंडळाने बजाविले, “नदीपलीकडील फौजेस हरवा, तरच सेनापतीपद राहील.” ते ऐकोन बाईसाहेब बोलिल्या, “आता खोकी माझ्याच्याने उचलवत नाहीत हो.” थकले तर साहेबही फार होते.

मग युद्ध मातले. दिवस कलता आपली फौज एका गुणाने सरस जाहली. त्या मुलखीचा रिवाज ऐसा, की जय होताच गड्यांनी बर्फाच्या सरबताचे घंगाळ सेनापतीच्या मस्तकी रिते करावे. साहेबांस हे स्नान कित्येक वर्षांत घडले नव्हते. टायरेल नामे आडदांड गडी आनंदाने बेभान होऊन घंगाळ घेऊन धावला, आणि मागोमाग अवघी फौज मैदानात घुसली. घड्याळात थोडका अवकाश बाकी होता. साहेबांनी तो अवकाश पाहिला, हात वर करून पोरांस थांबवावे ऐसेही मनी आले, परंतु पोरांची तोंडे पाहिली आणि मान लवविली. पंचांनी शिटी फुंकिली, लढाई चालू असता मैदानात शिरल्याबद्दल शत्रूस पुढील जमीन बहाल केली, आणि शत्रूने तेथून चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला आणि तीन गुण साधिले. जय गेला.

प्रधान बोलिले, “घंगाळ प्रथम कोणी उचलिले? नाव सांगा, म्हणजे तुमचे पद राखितो. त्या गड्यास काढून टाकू.”

साहेब कुडकुडत बोलिले, “मान मी पुढे केली. मलाच काढा.”

मग ओलेत्यानेच घरी आले आणि घडले ते सांगितले. बाईसाहेबांनी पंचा दिधला.

“पोराचे नाव नाही ना घेतलेत?”

“नाही.”

“बरे केलेत. खोकी मात्र आता तुम्ही उचलायची.”

“उचलतो,” साहेब बोलिले आणि वाकले, तो कंबर धरली. मग दोघांनी मिळून उचलिली.

येणेप्रमाणे हॉर्नबीसाहेबांची कारकीर्द संपली. जय थोडे, पराजय पुष्कळ, बिऱ्हाडे त्याहून पुष्कळ. टायरेल पुढील साली फौजेत कायम राहिला.