काशामामांचे राखाडी डबे

काशामामा कॉम्प्युटरला शाल पांघरून आणतात. शेणव्याहून शहापूरपर्यंत मोटरसायकलच्या मागच्या सीटवर सीपीयू बसलेला असतो, मामींच्या जुन्या लुगड्यानं मामांच्या पाठीशी बांधलेला, वरून तपकिरी शाल. दुकानात शिरल्यावर आधी त्याला खुर्ची मिळते. मामा उभे राहतात. पहिल्यांदा मी काचेतून पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणी आजारी म्हाताऱ्याला घेऊन निघालंय आणि दवाखान्याचा पत्ता चुकलाय.

"मामा, ह्याला थंडी वाजत नाही," मी म्हणालो.

"धूळ किती हाय रस्त्याला! तुझ्या नाकात गेली तर तू शिंकशील. ह्यानं काय करायचं?"

मी शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बरीच वर्षं करतो, आणि आपल्याला यातलं सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. मामा दुकानात यायला लागल्यापासून ती जरा डळमळीत झाली आहे.

मामा लग्नाचे फोटो काढतात. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही घरात जा, भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोखाली कोपऱ्यात त्यांचं नाव सापडेल. वय साठीच्या पुढं, अंगात खिसेवालं जाकीट, त्या खिशांत बॅटऱ्या, कार्डं, खडीसाखर आणि एक कंगवा. कंगवा स्वतःसाठी नाही, मामांना केस फारसे उरलेले नाहीत. तो समोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.

आणि समोर कुणीही उभं राहू शकतं. नवरा-नवरीचे फोटो मामा काढतात, नाही असं नाही, पण उरकल्यासारखे. खरी तंद्री लागते ती मांडवाच्या मागं. भांडी घासणाऱ्या बायका, आचारी, टेम्पोचा ड्रायव्हर, पाणी भरणारे, नुसतेच बघायला आलेले. एकेकाला उभं करायचं, कंगवा द्यायचा, "नीट बघ गो हिकडं, मान वर," म्हणायचं आणि फोटो काढला की कॅमेरा फिरवून त्याला दाखवायचा. "बघ, आलाय ना? आलाय का नाय सांग." समोरचा माणूस 'आलाय' म्हणेपर्यंत मामा जागचे हलत नाहीत. तिकडं सप्तपदी सुरू झालेली असते आणि नवरीचा बाप फोटोवाल्याला शोधत घामाघूम होऊन मांडवभर फिरत असतो.

बरं, हे सगळे फोटो रॉ. म्हणजे कॅमेऱ्यानं जे जे पाहिलं ते काही न गाळता साठवून ठेवायचं. एकेक फोटो चांगलाच जडशीळ होतो. मी एकदा म्हणालो, "मामा, नवरीचा रॉ काढा, मी समजू शकतो. आचाऱ्याचा साधा काढला तर काय बिघडेल?"

"का? आचाऱ्याला तोंड नाय?"

तर तक्रार अशी होती. कॅमेऱ्यातले फोटो सॉफ्टवेअरमध्ये घेताना आधी पडद्यावर प्रत्येकाचं नखाएवढं चित्र दिसतं. ते दिसेपर्यंत त्या जागी नुसते राखाडी चौकोन. मामा त्यांना डबे म्हणतात. "तसा प्रॉब्लेम काय नाय रे," ते म्हणाले. त्यांची प्रत्येक तक्रार याच वाक्यानं सुरू होते. "डबे भरत नायत. सकाळी लावतो, जेवायला उठतो तरी डबे राखाडीच."

मामांच्या पोटावर हे येत होतं. लग्नघरात हल्ली कुणाला धीर नाही. अक्षता पडल्यावर हात धुवायच्या आत फोटो मोबाइलवर हवेत. मुरबाडकडचा एक नवा फोटोग्राफर मांडवातच लॅपटॉप उघडतो, ड्रोन उडवतो, आणि नवरी सासरी पोचायच्या आत तिचा फोटो सासरच्यांच्या स्टेटसला झळकतो. मामांचे फोटो आठवड्यानं येत. दोन ठरलेली लग्नं त्यांच्या हातून गेली होती. "हा सीझन असाच गेला तर कॅमेरा विकून शेळ्या घेईन," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण कंगवा खिशातून काढून परत खिशात ठेवला, दोनदा.

मी शाल काढली, पडदा जोडला, त्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. पटापटा सगळे डबे भरले. मामा आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

"हितं भरतात," मामा म्हणाले.

"मग घरी का नाही भरत?"

"तेच तर विचारायला आलोय."

मी आतली धूळ झाडली, नको ते प्रोग्राम काढले, कार्ड कुठल्या पोर्टला लावायचं तिथं लाल टिकली चिकटवून दिली. चार दिवसांनी शाल पुन्हा दारात. घरी डबे राखाडीच. पुन्हा माझ्याकडं सगळं चोख. मी अँटिव्हायरसवर संशय घेतला, वायरीवर घेतला, शेणव्याच्या विजेवर घेतला. तिसऱ्या वेळी मी केलेल्या सेटिंगच्या सगळ्या खुणा मूळपदावर गेलेल्या दिसल्या. लाल टिकलीसुद्धा निघालेली होती.

"मामा, ह्याला हात कुणी लावला?"

"मीच. फार फास्ट झालं होतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"अहो, फास्ट करायलाच आणलंत ना?"

"हां. पण सगळं फास्ट नको. नव्या डब्यांना फास्ट कर. जुने हायत तसे राहू दे. सावकाश."

"कुठले जुने? यात जुने कुठं आहेत?"

मामांनी खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली आणि सीपीयूला शाल पांघरली. विषय संपला. त्या दिवशी मी एका मास्तरांच्या प्रिंटरमध्ये शाई उलटी भरली, इतकं माझं डोकं फिरलं होतं. बायको म्हणाली, "पैसे घ्या आणि सोडून द्या." पण मला सोडवेना. चालणारं यंत्र घरी नेऊन बंद पाडायचं आणि वर दुरुस्तीला आणायचं, यामागं काय असेल ते समजल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि सरळ शेणव्याला गेलो.

मामा पडवीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. मला पाहून आनंद व्हायला हवा होता, पण ते गडबडले. "आज का आलास? उद्या ये की."

"आलोय तर बघतो," म्हणत मी टेबलाखाली वाकलो आणि चोर सापडला. सीपीयूला एका जुनाट, मंद यूएसबी हबमधून एक भलीमोठी हार्ड डिस्क जोडलेली होती. ही डिस्क मामांनी दुकानात कधी आणलीच नव्हती. तिच्यात त्यांचे आजवरचे सगळे फोटो, रोलच्या जमान्यातल्या निगेटिव्ह स्कॅन केलेल्या, त्यासुद्धा. प्रत्येक नव्या लग्नाचे फोटो मामा त्यातच टाकत आणि मग अख्ख्या डिस्कचंच इम्पोर्ट लावत. 'आतले सगळे फोल्डर घ्या' या चौकोनात बरोबरची खूण. म्हणजे कालच्या नवरीचा चेहरा दिसायचा तर तिच्या आधी चार तालुक्यांतली सगळी वऱ्हाडं एकेक करून पडद्यावर यायची. बिचारं सॉफ्टवेअर दमणार नाही तर काय.

"मामा, ही एक खूण काढली की झालं!"

"ती काढायची नाय." आवाज एवढा करडा की मी हात मागं घेतला.

मग मला चेव आला. खूण नाही काढायची ना? ठीक. मी डिस्क हबमधून काढून मागच्या वेगवान पोर्टला लावली. फोटोच्या आत कॅमेऱ्यानं आधीच ठेवलेलं छोटं चित्र वापर, नवं बनवत बसू नकोस, असं सॉफ्टवेअरला सांगितलं. जुन्या स्कॅनचीही छोटी चित्रं एकदा तयार करून ठेवली. त्यात बराच वेळ गेला, मामींनी दोनदा चहा दिला, मामा अंगण आणि पडवी अशा येरझारा घालत होते. "रस्त्याला टमटम दिसते का रे?" एवढंच विचारत होते.

टमटम आली आणि तिच्यातून एक म्हातारी उतरली. गावाबाहेरच्या वाडीतली बुधीबाय. शहापूरच्या बाजारात रानातली भाजी विकून परत चालली होती. रिकामी पाटी उंबऱ्याशी ठेवली, पाय धुतले आणि कुणी न सांगता कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. तिची ती नेहमीची जागा असावी.

"लाव, फोटोवाल्या," ती म्हणाली.

मामी मला हळूच म्हणाल्या, "दर महिन्याला येते. तिच्या पोराचा, मंगळ्याचा फोटो बघायला. वीटभट्टीवर गेला नि तिकडंच तापानं वारला. किती वर्सं झाली आता. पाटलांच्या लग्नात ह्यांनी त्याचा फोटो काढलेला. ती बघत बसते, डबे भरता भरता, ते लग्न यायच्या आतच टमटमचा टाइम होतो नि निघून जाते. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला नाही, पण आपण काहीतरी घोळ करून ठेवलाय एवढं कळलं. त्यांनी बटण दाबलं.

डबे धडाधड भरले. माणसांच्या रांगाच्या रांगा वर सरकायला लागल्या. बुधीबाय पुढं वाकली. "हळू रे, हळू." पण आता ते हळू होत नव्हतं. पाटलांचं लग्न आलं, मामांनी ते थांबवून मोठं केलं. छत्तीस फोटो. नवरा, नवरी, पाटील, पाटलीणबाई, जावई, आहेर. म्हातारीनं पडद्याला बोट लावून छत्तीसही पाहिले. मग लग्न संपलं आणि पुढचं कुणाचं तरी सुरू झालं. मला माझ्या हुशारीची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"यात नाय," ती म्हणाली. "मंग दुसऱ्यात असल."

"नाय गो बुधीबाय." मामा तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर उकिडवे बसले. "कशातच नाय. तवा मी दुसऱ्याच्या हाताखाली होतो. रोल महाग. मालकानं सांगितलेलं, मांडवामागची माणसं फोटो काढ म्हणून मागं लागली तर नुसता फ्लॅश मार, रोल खर्च करू नको. मी कॅमेरा डोळ्याला लावला नि फ्लॅशचं बटन दाबलं. नुसता उजेड पडला. आत काय उतरलंच नाय. तू फोटो मागायला आलीस तवा मला सांगता नाय आलं. नंतर तर मुळीच नाय."

मामी स्वयंपाकघराच्या दारात तशाच उभ्या होत्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

बुधीबायनं पदरानं तोंड पुसलं. रागावली का, रडणार का, काही समजत नव्हतं.

"पर तू त्याला बघितलंस ना? त्या कॅमेऱ्यातून?"

"बघितलं."

"कसा व्हता?"

मामा मला म्हणाले, "सुनील, काढ रे ती खूण." मी खूण काढली, कालच्या लग्नाचं कार्ड लावलं आणि बाजूला झालो. पडद्यावर मांडव, आचारी, नवरी भराभर उमटायला लागले, पण तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"लाकडं फोडायला आलेला," मामा सांगत होते. "चुलाणापाशी उभा होता. पिवळा शर्ट, वरचं बटन तुटलेलं. मला विचारलं, कुऱ्हाड खाली ठेवू का घेऊ? मी म्हटलं, घे. मग हाताला पाणी लावून केस बसवले. हसायचं नाय असं ठरवून उभा राहिला नि ऐन टाइमाला हसला."

"कुऱ्हाड कुठं व्हती?"

"उजव्या खांद्यावर."

"डाव्या. डावरा व्हता तो."

मामांनी डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले. "डाव्याच."

बाहेर टमटमवाला हॉर्न वाजवत होता. बुधीबायनं मान हलवून त्याला जायला सांगितलं आणि खुर्चीत मागं टेकून बसली.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."