बदकाची तिसरी टोपी

पोरांची पाण्याची भीती पोहण्याच्या क्लासच्या आधी आपणच घालवायची, असं पंढरीशेठने ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण न मागता मदत करायची त्याला लहानपणापासूनची खोड (ती वेळीच कोणी मोडली नाही, याची फळं सगळं घर भोगत होतं).

पोहण्याचा विषय काढला त्याच्या बायकोने, क्षितिजाने. आदल्या वर्षी, दोन हजार पाचच्या पावसात, भिवंडीतल्या त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. भाविक आणि उन्नती, दोन्ही पोरांना काखोटीला मारून ती शेजारच्या गच्चीवर गेली. पंढरीशेठ माळ्यावर बसून जमिनीचे कागद सांभाळत होता. त्या दिवशीच क्षितिजाच्या मनाने घेतलं, की पोरांना पोहता आलंच पाहिजे.

पंढरीशेठची अडचण वेगळीच होती. तरुणपणी आपण दातात कोयता धरून खाडी एका दमात पार केली, असं तो पोरांना रोज रात्री सांगायचा. पोरं ते शाळेत सांगायची. खरं म्हणजे त्याला पोहण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खाडीकाठी जन्मून हे जमवणंही सोपं नव्हतं, पण त्याने जमवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पोरांसमोर उघडायला नको, एवढीच त्याची धडपड होती.

क्षितिजाने पोरांची नावं पोहण्याच्या क्लासात घातली आणि पिवळ्या, बदकाच्या चित्राच्या पोहायच्या टोप्या आणल्या. तीन.

"तिसरी कोणाला?" त्याने विचारलं.

"असू दे. लागेल."

पहिला सराव पलंगावर झाला. पोरं पालथी पडून हातपाय मारू लागली. भाविक जोरात पोहत थेट फरशीवर गेला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन आला. मग शेठला सुचलं अकलोलीचं गरम पाण्याचं कुंड. रविवारी पोरांना आणि आपल्या आईला, हौसाला, गाडीत घालून तो निघाला.

कुंडात सगळी म्हातारी मंडळी. पंढरीशेठ पायरीवर बसला, एका हाताने मागच्या भिंतीतली कडी घट्ट धरली आणि म्हणाला, "आधी पाण्याशी ओळख करायची. बघा आणि शिका."

पोरांनी बघितलं. म्हातारे हळूच पाण्यात बसत होते, डोळे मिटून "आई गं, बरं वाटलं" म्हणत होते आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते. पोरांनी तस्संच केलं. तासभर केलं.

"आरं, पन पोरं पवनार कदी?" काठावरून हौसा म्हणाली.

"आई, पयला धडा धीराचा हाय," कडी न सोडता शेठ म्हणाला.

क्लासचा पहिला दिवस उजाडला. आईबाप तलावाकाठच्या बाकांवर बसले. केसरीनाथ सरांनी शिट्टी मारली, आणि रांगेत पहिल्या असलेल्या उन्नतीने पाण्यात अंगठा बुडवून लगेच वर घेतला.

"सर, पाणी गरम करायचं राहिलंय."

हे ऐकून मागची सगळी रांग दोन पावलं मागे सरकली. सरांनी पुष्कळ समजावलं, तेव्हा ती आणि भाविक कशीबशी पायरीवर बसली आणि डोळे मिटून, कण्हत गुडघे चोळू लागली.

सर पंढरीशेठकडे आले. "शेठ, पोरांना संधिवात हाय का?"

"न्हाय. ती तयारी हाय."

"कशाची?"

"धीराची," शेठ म्हणाला. सर म्हणाले, "मग तुमीच उतरा. बापाला बघून पोरं येतील."

"माझे बाबा खाडी पार करतात. एका दमात," भाविकने सगळ्या रांगेला ऐकवलं.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. शेठ उतरला. सवयीने त्याने मागे कडी चाचपली. कडी नव्हती. गुळगुळीत फरशीवरून पाय सटकला आणि शेठ दिसेनासा झाला. मग एक हात वर आला, मग एक पाय, मग तोंड. पाण्याखाली त्याला बायको आठवली, पोरं आठवली, सातबारा आठवला.

"धरा, धरा," तो ओरडला.

सर काठावर शांत उभे होते. "शेठ, उभे ऱ्हा."

"बुडतोय मी."

"बुडा की. पन उभं राहून बुडा."

शेठ उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेलाही लागत नव्हतं.

मग उन्नती खुदकन हसली, "मला पण बाबांसारखं करायचंय" म्हणाली आणि धपकन पाण्यात पडली. तिच्यामागे भाविक, त्याच्यामागे अख्खी रांग. इतकी लवकर भीती मोडलेला वर्ग सरांनी पाहिला नव्हता.

भाविक पाणी उडवत जवळ आला. "बाबा, खाडी पण अशीच पार केली होती?"

पोराच्या डोळ्यांत अजून विश्वास होता, तोच शेठला जास्त टोचला.

"तेव्हा ओहोटी होती रे," तो हळूच म्हणाला.

क्षितिजा बाकावरून उठली आणि तिने पर्समधून तिसरी टोपी काढली. "मोठ्यांच्या बॅचला पाणी डोक्यावरून जातं. म्हणून तुमचं नाव मी आधीच या पोरांच्यात घातलंय."

शेठने मुकाट्याने टोपी डोक्यावर ओढली. बदक ताणून कानापर्यंत गेलं. तो रांगेत शेवटी उभा राहिला, तेव्हा उन्नतीने येऊन त्याचा हात धरला.

"घाबरू नका बाबा," ती म्हणाली. "आधी गुडघे चोळा."