टिचकी मारून पाहिलेली शाळा

कुठलीही गोष्ट चांगली की वाईट, हे ओळखायला मला अर्धं मिनिट पुरतं. म्हणजे, पुरायचं. आता मी तसं म्हणत नाही. पण त्या दिवसांत म्हणायचो, आणि तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात.

मी फरश्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. अठरा वर्षं माझ्यासमोरच्या पट्ट्यावरून फरश्या सरकत येतायत. मी एकेक उचलतो, कानाशी धरतो आणि टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला की पहिली प्रत. बद्द आला की आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे, फरशी बाद. डोळ्यांना न दिसणारी चीर माझ्या कानाला सापडते, म्हणून कारखान्यात मला सगळे टिचकीसाहेब म्हणतात. शहाण्या माणसाने अशी कला फाटकावरच्या हजेरीच्या खोलीत ठेवून घरी यावं. मी ती घरी आणायचो. एकदा तर डॉक्टर यायच्या आधी मीच सासऱ्यांच्या पाठीवर टिचकी मारून त्यांना दमा नसल्याचं जाहीर केलं होतं. त्यांना दमा होता.

तर, माझी मुलगी पाचवीत होती, वर्ष संपत आलं होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला सहावी ते आठवीची सरकारी शाळा आहे. घरापासून चालत सात मिनिटं. बायको म्हणाली, "तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथेच जातायत. उद्या जाऊन नाव घालून येऊ."

मी म्हणालो, "तपासल्याशिवाय माल पास करायचा नसतो."

"शाळा आहे ती. माल नाही."

"तेच. मालापेक्षा जास्त तपासायला हवी."

बायको औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचं अक्षर लावून लावून तिला एक सवय लागलीय, समोरच्याचं म्हणणं कळलं तरी ती आणखी एकदा त्याच्याकडे बघते. तसं तिने बघितलं आणि ती भांडी आवरायला लागली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शंभर गुणांचा तक्ता आखला, दहा रकाने, प्रत्येकाला दहा गुण. पट्टीने रेघा मारल्या. शाळेत पोचलो तर मुख्याध्यापिका बाई स्वतः दारात उभ्या. बुटक्या, चष्मा दोरीला अडकवलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी का आलो ते सांगितलं. मला वाटलं, बाई आढेवेढे घेतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. कुठेही फिरा. काही शंका आली तर मात्र विचारा हं."

तेवढंच त्यांनी सांगितलं होतं. आणि तेवढंच मी केलं नाही. फरशीला काही विचारायची मला सवय नव्हती.

पहिलाच वर्ग सातवीचा. दारातून डोकावलो. आत मासळीबाजार भरलेला. फळ्याजवळ एक मुलगी गणित मांडतेय, ते धडधडीत चुकीचं, आणि निम्मा वर्ग उभा राहून तिच्यावर ओरडतोय. सर कुठे आहेत म्हणून बघितलं, तर सर शेवटच्या बाकावर, दोन्ही हातांवर डोकं टेकून. मी तक्त्यात लिहिलं : शिक्षक झोपलेले. दहापैकी शून्य.

पुढे ग्रंथालय. ग्रंथालय म्हणजे चार कपाटं, आणि त्यांत मिळून अकरा पुस्तकं. मी मोजली. दहापैकी एक, तोही कपाटांना काचा होत्या म्हणून. मागच्या पटांगणात गेलो, तर भर तासाला आठ-दहा मुलं गटाराच्या कडेला पालथी पडलेली. एकाच्या हातात बाटली, दुसऱ्याच्या हातात दोरी. मी लिहिलं : मुलं उनाडतात, शिस्त शून्य. स्वच्छतागृहं मात्र लख्ख होती. तिथल्या फरशीला मी सवयीने टिचकीही मारली. खणखणीत. दहापैकी नऊ दिले. अन्याय करायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व.

बेरीज आली एकतीस. मी तळाशी लाल शाईने लिहिलं, 'बाद', आणि खाली सही ठोकली.

घरी बायकोने तक्ता वाचला. "सर खरंच झोपले होते? कुणाला विचारलंत?"

"डोळ्यांनी बघितलं ना मी."

"झोपलेला माणूस एवढ्या आरडाओरड्यात जागा झाला नाही?"

मी म्हणालो, सराईत असणार. त्या उत्तरावर मी तेव्हा खूशही झालो होतो.

तेवढ्यात मेहुणा आला. आमचा मेहुणा आमच्या आणि शेजारच्या सात इमारतींच्या ग्रुपचा चालक. त्याच्याकडे बातमी आणि चाळणीत पाणी सारखंच. "भाऊजी, हे तर लोकांना कळायलाच हवं," असं म्हणत त्याने तक्त्याचा फोटो काढला. मी "अरे, कशाला, कशाला" म्हणालो, पण कागद उजेडात नीट धरला तो मीच.

संध्याकाळपर्यंत माझा फोन तापला. आठ इमारतींतले आईबाप मला साहेब म्हणायला लागले. एकाने भावी जावयाला भेटून जरा बघाल का म्हणून विचारलं. तिकडे माझ्या एकतीसला मात्र पाय फुटले होते. पहिल्या दिवशी ते शंभरातले गुण होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, शाळेचा निकाल एकतीस टक्के लागतो. तिसऱ्या दिवशी, एकतीस मुलं नापास. आठवडाभराने माझ्याच मजल्यावरचे दाताचे डॉक्टर जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाले, "ऐकलंत का? एकतीस शिक्षक वर्गात झोपतात म्हणे." शाळेत शिक्षक नऊ होते. मला हे ठाऊक होतं. मी म्हणालो, "मी तरी एकच बघितला." त्यांनी मान हलवली, जणू उरलेले तीस मी सभ्यपणामुळे सांगत नव्हतो.

मुलीला मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खासगी शाळेत घातलं. तिला मी चौऱ्याण्णव गुण दिले होते. पायऱ्यांना पहिल्या प्रतीची फरशी, आणि वर्गांत अशी शांतता की टाचणी पडली तर तिलाच ओशाळं वाटावं. मुलगी पहाटे उठून बस पकडायची, दुपारी सुकलेल्या पालेभाजीसारखी परत यायची, आणि फारसं बोलायची नाही. मी म्हणायचो, शिस्त लागतेय.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एक दिवस मी कामावरून आलो, तर खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंची मुलगी आमच्याकडे बसली होती. ही सरकारी शाळेतच आठवीत. काकूंनी ग्रुप कधी वाचलाच नव्हता, त्यांना वेळच नसायचा. आमच्या मुलीला अपूर्णांक जमत नव्हते, आणि ही तिला एक गणित मुद्दाम चुकीचं सोडवून दाखवत होती.

"आता चूक कुठेय ते शोध."

मी विचारलं, "असं उलटं कुणी शिकवलं गं तुला?"

"आमच्या सरांनी, काका. सर सांगतात, एकाने चुकीचं गणित मांडायचं आणि बाकीच्यांनी चूक पकडायची. भांडायचं अगदी. सर तोवर मागे डोकं खाली घालून बसतात."

"खाली का?"

"वर बघितलं की त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळतं ना, कोण बरोबर ते. म्हणून."

मी खुर्चीत बसलो. "गेल्या वर्षी फळ्याजवळ एक मुलगी होती..."

"मीच असेन. माझं चुकीचं गणित लवकर सापडत नाही, म्हणून सर मला सारखं उभं करतात."

मी विचारलं, "आणि ग्रंथालयात पुस्तकं का नसतात?"

"घरी असतात की, मुलांकडे. कपाटात राहिलेली पुस्तकं कुणाला नको असतात ती." मग तीच पुढे म्हणाली, "आम्ही बाटलीत पाणी भरून आणि दोरी ताणून गटाराचा उतार पण मोजला होता, काका. पाणी तुंबायचं ना मागे. आम्ही नकाशा काढून दिला, मग नीट केलं त्यांनी." ती वही मिटत म्हणाली, "पण आता सर चाललेत. सहावीला मुलं कमी आली, दोन तुकड्यांची एक होणार. सर सगळ्यांत नवे, म्हणून त्यांची बदली. कुणीतरी काहीतरी कागद लिहिला होता म्हणे."

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.  

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं : मी शाळेबद्दल दिलेले गुण चुकीचे होते, मला वर्ग कळला नाही, शाळा उत्तम आहे.  मग एकाने विचारलं, "साहेब, शाळेने दबाव आणला का?" दुसऱ्याने लिहिलं, "एवढा खमका माणूस माघार घेतो, म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय." मेहुण्याचा तर फोनच आला. "भाऊजी, घाबरू नका. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

मी सांगितलं, "अरे, मी खरंच चुकलो."

तो म्हणाला, "कळलं. फोनवर नका बोलू."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी आपल्या मुलांचे दाखले काढले.

मग मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं आणि खणातून कागद काढला. माझाच तक्ता, छापलेला.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मी तळाची माझी सही बघितली. त्या म्हणाल्या, "स्वच्छतागृहाची ओळ मी कापून आमच्या सफाईच्या मावशींना दिली. नऊ गुण बघून त्या दिवसभर हसत होत्या. बाकीचं कुणाला दाखवलेलं नाही. हा कागद तुमचा, हे सरांनाही ठाऊक नाही."

"बाई, तुम्ही मला तेव्हाच का नाही बोलावलंत?"

"तुम्ही विचाराल असं वाटलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं. "दोन तुकड्यांसाठी सत्तर मुलं लागतात. अठ्ठावन्न आहेत. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

महिनाअखेरीला सोळा दिवस होते. कामावरून सुटलो की मी दारोदार फिरायला लागलो. सुरुवात स्वतःपासून केली. मुलीचं नाव काढून इथे घातलं. मग जिने चढत सुटलो. शिवणकामाच्या काकू दोन संध्याकाळी मशीन बंद ठेवून माझ्याबरोबर आल्या, कारण माझ्या एकट्याच्या बोलण्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. दाताच्या डॉक्टरांनी मला आत बसवलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तपासून बाद केलीत. आता तपासून पास करताय. फरशीचं असं कधी होतं का?"

"नाही होत," मी म्हणालो.

"मग?"

मग काय. मी उठलो.

सोळा दिवसांत आठ मुलं परत आली, त्यांत एक माझी. सहासष्ट. चार कमी पडली. चार म्हणजे किती कमी, हे मला आजवर कळलं नव्हतं. आमच्याकडे हजार फरश्यांत चार फुटल्या तर कुणी वळूनही बघत नाही.

सर निघाले तो शनिवार होता. शाळा दुपारी सुटलेली. मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगून टाकायचं. वाक्यंही जुळवली होती, 'सर, तो कागद लिहिणारा मी.' सोपं वाक्य आहे. सर वर्गात एकटेच होते, वाटलं होतं त्यापेक्षा तरुण, बाहीला खडूचा पांढरा पट्टा. टेबलावर पुठ्ठ्याची एक पेटी, तीत वह्या, भूमितीची मोठी लाकडी साधनं आणि मुलांनी दिलेली पत्रं. त्यांनी मला बघितलं आणि ते आधी हसले.

"या ना. पालक का?"

"हो," मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य म्हणायच्या ऐवजी मी पेटी उचलली. "थांब्यापर्यंत येतो."

"अहो, राहू द्या."

पण मी उचललीच होती. आम्ही चालायला लागलो. नवी शाळा इथून बसने दोन तासांवर, ते सांगत होते. खोली अजून मिळाली नव्हती. तिथली मुलं बुजरी आहेत म्हणे, भांडायला शिकवायला वेळ लागेल. ते बोलत होते आणि मी पेटीच्या कडेवरून रस्ता बघत होतो. दर पन्नास पावलांवर मी मनात म्हणायचो, आता सांगतो. त्या कोपऱ्यावर सांगतो. तो खांब येऊ दे. मग थांबा आला.

"मुलगी कितवीत तुमची?" त्यांनी विचारलं.

"सहावीत. नुकतंच नाव घातलं."

"सहावीत?" ते थबकले. "माझ्याकडे सातवी-आठवी. म्हणजे मी तिला शिकवलंच नाही."

"नाही."

"मग तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?"

बस समोर येऊन उभी राहिली. वाहकाने हात केला. सर माझ्याकडे बघत होते, खरोखर उत्तराची वाट बघत. विचारलं की थांबायचं, ही त्यांची सवयच असणार.

"पेटी जड होती म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी माझे आभार मानले. दोन्ही हात धरून मानले. मग पेटी घेऊन ते चढले, खिडकीतून हात हलवला आणि बस गेली.

तुम्हाला म्हणून सांगतो, पेटी काही जड नव्हती. ती त्यांनी एका हाताने उचलून वर नेली.