पहारेकरी का हलला

रेषेच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! सव्वीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय. माझी रेष बघून भिंती ताठ उभ्या राहतात, असं आमचे साहेब म्हणतात. म्हणजे एकदाच म्हणाले होते, पण म्हणाले होते! त्यामुळे समोर जिवंत माणूस बसवून चित्र काढायचा रविवारचा वर्ग सुरू होतोय असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, आपल्याला काय जड आहे? खांबाला हातपाय जोडले की झाला माणूस!

चूक एकच केली. बायकोला बरोबर नेलं.

"तूही चल, तुझाही वेळ जाईल," मी मोठ्या मनाने म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या एकाही गोष्टीला "वा!" म्हटलेलं नाही. ते एक "वा!" मला ऐकायचं होतं. ती घरी कपडे शिवते. हातात फार तर शिवणाचा खडू. तिची काय भीती?

सर अगदी पोरसवदा निघाले. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले "ताई" आणि मला म्हणाले "काका"! आमच्यात अंतर तीन वर्षांचं. ताईचा नवरा काका कसा होतो, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

चित्रासाठी बसायला एक निवृत्त पहारेकरी यायचे. कमरेपर्यंत उघडे, दोन्ही हात गुडघ्यांवर. "तीस वर्षं गोदामाच्या दारात बसलोय, साहेब. खुशाल काढा, मी हलत नाही." आणि खरंच हलत नसत! नाकावर माशी बसली तर शेवटी माशीच कंटाळून उठायची.

मी पिशवीतून पट्टी काढली आणि तासाभरात पहारेकरी उभे केले. म्हणजे बसवले. सर मागे येऊन थांबले.

"काका, रेषा फार स्वच्छ आहेत हं. पण हे पहारेकरी आहेत की त्यांची चौकी?"

अख्खा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं, ते सांगायला नको.

सर म्हणाले, "पेन्सिल खोडता येते ना, म्हणून हात भितो. साहित्य बदलून बघा. कोळसा, शाई, काडी, बोळा, काहीही. चुकू दे. चुकत चुकत धीर येतो."

पुढच्या रविवारी कोळशाच्या कांड्या आल्या. मी पहारेकऱ्यांच्या कानाशी झटत होतो, तोवर हिने दोन फटकाऱ्यांत खांदे काढून टाकले. सर धावत आले.

"ताई! हा खांदा कुठे शिकलात?"

"बाह्या लावून लावून," ती म्हणाली. "डावा खांदा जरा उतरलाय त्यांचा. शर्ट शिवायला आले असते, तर मी आतून पट्टी दिली असती."

"उतरलाच आहे!" पहारेकरी न हलता म्हणाले. "तीस वर्षं बंदूक त्याच खांद्यावर होती. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही हो!"

वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. आणि माझा? माझा जळून कोळसा झाला. खोटं कशाला बोलू? स्वतःच्या बायकोवर जळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आता पाहून घ्या.

त्यातच सरांनी जाहीर केलं, की शेवटच्या रविवारचं एकच चित्र, सगळ्यांत चांगलं, वाचनालयाच्या भिंतीवर लागणार. मी ठरवलं, की भिंत आपली! भिंतीवर माझं चित्र बघून तिला "वा!" म्हणावंच लागेल. त्यासाठी आधी तिचा हात जरा बिघडायला हवा, एवढंच.

तिसऱ्या रविवारी निघण्याआधी मी तिच्या डब्यातल्या सगळ्या कांड्यांचे बारीक तुकडे केले. वर्गात तिने डबा उघडला, "अगंबाई!" म्हणाली, एक तुकडा उचलला, आडवा धरला आणि कागदावर घासला. पहारेकऱ्यांची अख्खी पाठ एका दमात उतरली!

"बघा!" सर ओरडले. "आडवा कोळसा! याला म्हणतात धीर!"

माझ्या अखंड, टोकदार कांडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी शाई होती. आदल्या दिवशी ती दोरा आणायला गेली, तेव्हा मी तिच्या कागदावर बरोबर मधोमध पांढरी मेणबत्ती घासून ठेवली. मेणावर शाई धरत नाही आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. काय डोकं, नाही?

तिने शाईचा कुंचला फिरवला. मेणावरून शाई सरकली आणि पहारेकऱ्यांच्या खांद्यावर अशी काही उन्हाची तिरीप पडली, की पहारेकरी बसल्या जागेवरून डोळे फिरवून बघायला लागले!

"ताई, हा उजेड कसा आणलात?" सरांनी कागदावर वाकून विचारलं.

"मला तरी कुठे ठाऊक!" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. जरा जास्तच वेळ हसली. मी खिशातला मेणबत्तीचा तुकडा घट्ट दाबून धरला.

आता काट्याने काटा काढायचा! जी मेणबत्ती तिला फळली, ती मला का नाही फळणार? शेवटच्या रविवारी पहाटे उठून मी माझ्या कागदावर मेण चढवलं. खिशातला तुकडा सापडेना, म्हणून नवी मेणबत्ती घेतली. तिने नुसत्या मध्यावर एवढं नाव काढलं, तर मी अख्खा कागद घासला. उभा, आडवा, तिरका. इमारतीला गिलावा करावा तसे तीन थर दिले.

वर्गात मी दौतीत कुंचला बुडवून पहिला फटकारा मारला. शाई गोळा होऊन खाली आली. दुसरा मारला. तीही आली. कागद पांढराफटक! मी चिडलो आणि सगळी दौतच वरून ओतली. ती कागदावरून माझ्या पँटवर आली, पँटवरून फरशीवर, आणि फरशीला उतार असावा, कारण तिथून काळी वळवळत थेट पहारेकऱ्यांच्या अनवाणी पायाला लागली.

"अयाई गं! साप!"

जो माणूस तीस वर्षांत हलला नाही, तो एका उडीत टेबलावर! स्टूल आडवं, पाण्याचे डबे आडवे, सगळ्यांची चित्रं ओली. "कुणीतरी काठी आणा!" पहारेकरी ओरडत होते. सर सापावर चप्पल हाणत होते आणि शाईचे शिंतोडे छतापर्यंत उडत होते.

या गोंधळात बायको एकटीच शांत बसली होती. तिने पर्समधून काहीतरी काढलं. मी नीट पाहिलं. माझा मेणबत्तीचा तुकडा! कोऱ्या कागदावर तिने तो सात-आठ वेळा सरसर फिरवला. दिसत काहीच नव्हतं. मग वरून शाईचा एकच रुंद हात दिला, आणि काळ्यातून पांढरेशुभ्र पहारेकरी उडाले! दोन्ही पाय हवेत, डावा खांदा उतरलेला.

सर हातातली चप्पल विसरले. पहारेकरी टेबलावरून वाकून म्हणाले, "हा मीच!"

मी तिच्याजवळ गेलो. "हा तुकडा कुठे मिळाला तुला?"

"तुमच्या पँटच्या खिशात. धुवायला टाकण्याआधी खिसे मीच तपासते ना, अहो." मग तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वा!" ती म्हणाली. "कालच इस्त्री केली होती या पँटला."

बावीस वर्षांनी मिळालं, ते असं.

चित्र वाचनालयाच्या भिंतीवर लागलंय. जाऊन बघा, चांगलं आहे. फार चांगलं आहे, मेलं! खाली सरांच्या पद्धतीप्रमाणे वापरलेलं साहित्य लिहायची पट्टी आहे. ती हिनेच भरली. त्यावर लिहिलंय: "शाई, मेणबत्ती आणि नवऱ्याचा जळफळाट."

परवा एक आजोबा ती पट्टी दोनदा वाचून मला विचारत होते, "यातलं तिसरं कुठे मिळतं हो?"

मी म्हटलं, "आमच्याकडे मिळेल. भरपूर शिल्लक आहे."