टोल्याआधीचं डोकं

डोकं सगळ्यांनाच असतं. ते आहे हे मात्र आपटल्यावरच कळतं. एकच टोला तरुण डोक्याला आणि म्हाताऱ्या डोक्याला सारखाच लागतो का, हा प्रश्न मानवजातीच्या हिताचा असल्यामुळे तो उंदरांवर सोपवण्यात आला होता.

या कामाचे प्रमुख टोलेसाहेब. आडनाव वेगळं होतं, पण आयुष्यभर उंदरांना भूल देऊन मोजूनमापून टोले दिल्यामुळे हेच चिकटलं. माणूस मात्र देवमाणूस. प्रत्येक टोल्याआधी उंदराची माफी मागत. (उंदरांनी ती दिल्याची नोंद नाही.) त्या सकाळी बायकोने दारातच "अहो, येताना नळाचा वायसर आणि शिलाई मशीनचं तेल आणा, विसराल," असं बजावलं, तेव्हाही त्यांच्या डोक्यात उंदीरच होते. दोन वर्षं पोसलेले नव्या तुकडीचे उंदीर आता कुठे प्रयोगाजोगे म्हातारे झाले होते, आणि साहेब नेमके महिनाअखेर निवृत्त होणार होते. वर्षाची मुदतवाढ मिळाली तर ठीक, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आधीच्या तुकडीवरचा अभ्यास तसा सरळ होता. टोल्यानंतर तरुण उंदीर चक्रव्यूहातली वाट विसरे. म्हातारा टोल्याआधीच विसरलेला असे. मग दोष टोल्याचा किती आणि वयाचा किती, हे काही केल्या कळेना. शेवटी साहेबांनी "वय हा सावकाश बसणारा टोला होय" असा निष्कर्ष काढला. तो इतका गाजला की पुढे कोणी उंदरांकडे पाहिलंच नाही.

मुदतवाढीच्या बैठकीला निघताना साहेब पडलेलं पेन उचलायला वाकले, आणि उठताना कपाटाचं उघडं दार टाळूला लागलं. बैठकीत समोर बसलेले समितीचे अध्यक्ष त्यांचेच जुने विद्यार्थी, पण त्यांचं नाव काही साहेबांना आठवेना. समिती गंभीर झाली. दोष कपाटाचा असेल तर तो अपघात, मुदतवाढ मंजूर. वयाचा असेल तर हातात नारळ.

"टोल्याआधी स्मरणशक्ती कशी होती ते पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "सर, तुम्हीच शिकवलंय."

टोल्याआधीची माहिती जगात एकाच व्यक्तीकडे होती. तिला बोलावण्यात आलं.

"सकाळी काय आणायला सांगितलं होतं?" बायकोने आल्या आल्या विचारलं.

साहेबांनी छतावर उत्तर शोधलं. मग जरा आशेने म्हणाले, "अगं, कपाट लागलं ना मला."

"त्या कपाटाला कशाला बोल लावता? आधीपासून हे असंच आहे. लग्नाच्या दिवशी यांनी मला माझं नाव विचारलं होतं."

समितीने नोंद केली: टोल्याआधी शून्य, टोल्यानंतर शून्य, सबब घट नाही. मुदतवाढ एकमताने मंजूर झाली. साहेबांना अगदी भरून आलं. इतक्या वर्षांत बायकोने पहिल्यांदाच त्यांची बाजू घेतली होती.

आता तुलनेसाठी टोला न बसलेलं एक धडधाकट डोकं हवं होतं, म्हणून वाचकहो, आपली निवड करण्यात आली आहे. तर सांगा, बाईंनी काय आणायला सांगितलं होतं? दोन वस्तू होत्या. वर बघू नका; उंदरांना तशी मुभा नव्हती. आणि आठवत नसेल तर वय तरी सांगा, नाहीतर कपाट दाखवा.