सीमा अस्तित्वात नाही

कोलारी नाल्यावर पूल बांधायचं १९५३ साली ठरलं. नाल्याच्या अलीकडे आमडी, चांदा जिल्ह्यातलं. पलीकडे खैरगुडा, राजुऱ्याकडचं, म्हणजे तेव्हा दुसऱ्या राज्यातलं. हद्द नाल्याच्या मधोमध असल्यामुळे प्रत्येक राज्यानं आपापल्या हद्दीपुरता पूल बांधावा, असा समंजस निर्णय झाला. पुलाची उंची पुराच्या पातळीवरून काढतात, म्हणून दोन्ही कचेऱ्यांनी आपापलं दप्तर काढलं. एकाच नाल्याला, एकाच वर्षी, दोन दप्तरांत दोन वेगळे पूर आले होते. १९५५च्या उन्हाळ्यात दोन्ही अर्धे मधोमध भेटले, तेव्हा आमडीचा अर्धा वीस फुटांवर होता आणि खैरगुड्याचा पंधरा. काम नकाशाबरहुकूम झाल्याचे दाखले दोघांनाही मिळाले, कारण ते तसंच झालं होतं.

पूल झाला म्हणून डोंगा बंद करण्यात आला. डोंगा चालवणाऱ्या सुकलूनं पूल चढता येत नाही असं सांगून पाहिलं. पूल ही चढायची वस्तू नाही, असं त्याला लेखी कळवण्यात आलं. आमडीकडून येणारे लोक खाली उडी मारू लागले आणि खैरगुड्याकडून येणारे वरच्या कोणाचा तरी हात धरून चढू लागले.

या पुलामुळे मनापासून आनंद झालेला माणूस एकच होता. गुणवंतराव आमडीच्या शाळेत अंकगणित शिकवीत. नागपूरला कॉलेजात असताना ते कलनशास्त्रावर लुब्ध झाले होते, पण आमडीत त्रैराशिकापलीकडे कोणी जात नसे. त्यांनी सातवीचा वर्ग पुलावर नेला. पुलाच्या टोकापासून किती पावलं चाललात ते सांगा, मी पायाखालची उंची सांगतो. प्रत्येक अंतराला एकच उंची, याला फलन म्हणतात, असं त्यांनी समजावलं. मग मुलांना दोन्हीकडून मधल्या सांध्याकडे चालायला लावलं. खैरगुड्याकडून कितीही जवळ या, उंची पंधराकडे जाते. आमडीकडून या, वीसकडे जाते. दोन उत्तरं जुळत नाहीत, म्हणून त्या बिंदूपाशी सीमा, म्हणजे लिमिट, अस्तित्वात नाही. अकरा वर्षांत त्यांचा एकही धडा मुलांना इतका पटला नव्हता.

आषाढात आमडीच्या धुरपताला कळा सुरू झाल्या. दोन्ही गावांची सुईण रुखमाबाई खैरगुड्यात राहायची. पाणी दोन पुरुष चढलं होतं. साठीची रुखमाबाई सांध्याखाली येऊन उभी राहिली, आणि वरून गुणवंतराव व धुरपताचा नवरा मुखरू यांनी पालथं पडून तिला हाताला धरून ओढलं. पाचव्या फुटाला तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. तिनं डाव्या हातानं बाळंतपण केलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण रुखमाबाईचा उजवा हात त्यानंतर कमरेच्या वर गेला नाही.

गुणवंतरावांना त्या रात्रभर तो आवाज ऐकू येत राहिला. सकाळी त्यांनी अर्ज लिहायला घेतला. सरकारी अर्ज शुद्ध स्वभाषेत असावेत असं परिपत्रक नुकतंच निघालं होतं. त्यांनी ‘लिमिट’ असं लिहिलं असतं तर अर्ज इतर अर्जांबरोबर सुखानं पडून राहिला असता. पण ते परिपत्रक वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं : ‘कोलारी पुलाच्या मध्यबिंदूपाशी सीमा अस्तित्वात नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी.’

कारवाई आठवड्यात झाली. ते दिवस राज्यांच्या फेररचनेचे होते आणि सीमेवरचा एक मास्तर सीमाच नाही असं लेखी देत होता. गुणवंतरावांना निलंबित करून दोन्ही राज्यांची संयुक्त चौकशी नेमली गेली. ती घटनास्थळी भरली. आपली हद्द सोडणं कोणालाच शक्य नसल्यामुळे नायब तहसीलदारांचं टेबल वरच्या अर्ध्यावर होतं आणि पलीकडच्या पेशकारांचं खालच्यावर. कागद टोपलीतून वरखाली होत होते.

“सीमा आहे की नाही, एवढंच सांगा,” नायब तहसीलदार म्हणाले.

“नाही. दोन्हीकडून येणारी उंची सारखी नाही, म्हणून नाही.”

“आणि सारखी केली तर?” खालून पेशकारांनी विचारलं.

“तर येईल अस्तित्वात.”

पूल दुरुस्त झाल्याखेरीज आरोपी सरकारची हद्द मानायला तयार नाही, अशी नोंद झाली.

रुखमाबाई साक्षीला आली होती. ती पेशकारांच्या टेबलाजवळून वर पाहत म्हणाली, “साहेब, मास्तर एवढंच म्हनून राह्यले का पूल झालाच नाई. मले वर घ्या, मंग लिहा काय लिहाचं ते.” त्यावर बराच खल झाला. ओढलं तेव्हा बाईचे पाय एका राज्यात होते आणि हात दुसऱ्यात. खांदा नेमका हद्दीवर येत असल्यामुळे तो कोणाच्याच अधिकारक्षेत्रात पडत नव्हता. साक्ष नोंदवता आली नाही.

चौकशी सव्वा वर्ष चालली. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला आणि दोन्ही गावं एकाच राज्यात आली. कोलारी नाल्यावर आता खरोखरच सीमा नव्हती. वरून आदेश आला : ‘अर्जदाराचं म्हणणं शासनास मान्य आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ गुणवंतरावांना नोकरी परत मिळाली, शिवाय दूरदृष्टीबद्दल शाल. पूल निकाली निघालेल्या तक्रारीचा विषय असल्यामुळे त्याला हात लावता येत नव्हता. तो होता तसा राहिला.

१९५९ साली एक नवा ओव्हरसियर आला. त्याला ती पायरी बघवेना. ती सपाट करण्याचा प्रस्ताव त्यानं पाठवला, आणि पूल वापरणाऱ्यांचं मत घेण्याचा हुकूम आला. ऊन होतं, म्हणून कारकून वरच्या अर्ध्यावर, मोहाच्या फांदीच्या सावलीत बसला. आमडीचे लोक त्याच्यासमोरून उडी मारून निघून जात. त्यांना कधीच अडचण नव्हती. खैरगुड्याचे लोक खालून शिव्या देत यायचे, कोणाचा तरी हात धरून चढायचे, धोतर झटकायचे. मग कारकून विचारायचा, काही अडचण? वर आलेला माणूस एकदा मागं बघायचा, म्हणायचा, छे, जमतं की, आणि यादीत सही करायचा.

गुणवंतराव खैरगुड्यात उतरून रुखमाबाईचं मत घेऊन आले. कारकुनानं ते नम्रपणे परत केलं. मत पूल वापरणाऱ्यांचं हवं होतं, आणि बाई चार वर्षांत एकदाही पुलावरून गेल्या नव्हत्या.

दोनशे अकरा मतं पडली. अडचण नसल्याबद्दल दोनशे अकरा. गुणवंतरावांनी यादी मागून घेतली आणि तिथंच उभं राहून दोनदा वाचली. सगळी ओळखीची, भली माणसं होती. आपणही अशा एखाद्या पुलावरून वर आलेले असाल. आपली सही कुठल्या पानावर आहे, हे मात्र आपणच पाहून घ्यावं. यादी सर्वांना पाहायला खुली आहे.