गोधडीतलं विमानतळ

मे महिन्यातल्या रविवारी, भर दुपारी एक वाजता, राजानंद पंखा बंद करून आणि जाडजूड गोधडी डोक्यावरून घेऊन पलंगावर बसला होता, आणि आतून इंग्रजीत बोलत होता. जालन्यात त्या दिवशी बेचाळीस डिग्री होतं. चांगुणाबाई दारात उभ्या राहून थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग पुढं होऊन त्यांनी गोधडीचं टोक उचललं.

"थंडी वाजून आली का रे?"

"माय! रेकॉर्डिंग चालू हाय. आता विमान पुन्हा उतरवावं लागंल."

चांगुणाबाईंनी गोधडी जशी होती तशी खाली सोडली आणि बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "अहो, पोराला ऊन लागलं."

"ऊन न्हाई, नाद लागला," तातेराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

तातेरावांना नादाची माहिती होती. राजानंद एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत, शंभर दाण्यांतले किती उगवले हे मोजायच्या खात्यात होता. पण मन त्याचं विमानतळावर. तीन वर्षांपूर्वी हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेत तो लेखी पास झाला आणि आवाजाच्या चाचणीत घसरला. का घसरला ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं स्वतःच निदान करून टाकलं, की आपलं इंग्रजी आपल्या गावच्या, आष्टीच्या शेतात वाढलेलं आहे. तेव्हापासून त्यानं जिभेवरची आष्टी अशी काही घासून काढली, की आता इंग्रजीत त्याला साधी शिवी दिली तरी तो 'आय बेग युअर पार्डन' म्हणायचा.

बाकीची हौस तो कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात भागवून घेई. त्या खेळात विमान आपण उडवायचं आणि टॉवरमधला माणूस 'उतरा', 'थांबा' असं सांगतो. गंमत अशी, की चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरलं तरी टॉवरमधून अमेरिकेचा माणूस बोलायचा. पुण्याच्या एका कंपनीला हे खटकलं. भारतातल्या प्रत्येक विमानतळाला त्या त्या भागातला आवाज द्यायचा असं तिनं ठरवलं, आणि चिकलठाण्यासाठी मराठवाड्यातल्या लोकांकडून रेकॉर्डिंग मागवलं. ती जाहिरात वाचून राजानंदच्या अंगावर काटा आला. खऱ्या टॉवरनं नाकारलेला आपला आवाज निदान खोट्या टॉवरमधून तरी विमानं ऐकतील! बाकीचे सगळे गावठी इंग्रजी पाठवणार, म्हणजे आपला नंबर पक्का, असा त्याचा हिशोब होता. त्यासाठीच ती गोधडी होती. दोनशे चाळीस वाक्यं त्यानं घाम पुसत पुसत बोलून काढली आणि पाठवून दिली.

ही गोष्ट त्यानं फक्त प्रितमला सांगितली. प्रितम त्याच्याच खात्यात होता आणि पोटात काही ठेवायचं नाही हे त्यानं लहानपणीच ठरवलं होतं. चौथ्या दिवशी राजानंद कामावर निघाला, तर एमआयडीसीच्या वळणावर त्याचाच चेहरा दहा फुटांचा होऊन त्याच्याकडं बघत होता. डोक्यावर पायलटची टोपी, मागं विमान आणि खाली अक्षरं: 'जालन्याचा बुलंद आवाज आता आभाळात!' त्याखाली चहावाल्या भुजंगसकट बावीस शुभेच्छुक दाटीवाटीनं उभे होते.

"प्रितम, अरे निकाल लागला न्हाई अजून!"

"ते मला माहीत हाय. पण फ्लेक्सवाला शनिवारी गावाला चालला. निकालासाठी थांबलो असतो तर फ्लेक्स राह्यला असता."

"आणि ही टोपी? मी कंट्रोलर, पायलट न्हाई."

"कंट्रोलरचा डिरेस कोणी पाह्यलाय? लोकायला समजलं पाहिजे ना."

दुपारपर्यंत आष्टीहून सरपंचांचा फोन आला. सत्काराला कोणती तारीख जमेल असं ते विचारत होते. संध्याकाळी कंपनीची मेल आली. 'आपला आवाज यंत्रानं तयार केलेला दिसतो. स्पर्धा फक्त माणसांसाठी आहे. आपण माणूस असल्यास शनिवारी व्हिडिओ कॉलवर हजर राहून खात्री पटवावी आणि आपल्या भागातल्या पद्धतीनं बोलून दाखवावं.'

राजानंदनं ती मेल तीनदा वाचली. एकदा आष्टीचा म्हणून नापास झालो आणि आता आष्टीचा वाटत नाही म्हणून! त्याला रडावं का हसावं कळेना. वळणावरून तो फ्लेक्स तर दोन्ही बाजूंच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत होता.

शनिवारपर्यंत त्यानं इंग्रजीतला आपला जुना हेल परत आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण घासून काढलेली आष्टी हाका मारूनही माघारी येईना. आणायला गेला, की तोंडातून गॅदरिंगच्या नाटकातला गावकरी निघायचा. शेजारच्या खोलीतून तातेरावांना ते सहन होईना.

"हे कुठलं बोलणं रे? आपल्यात कोणी असं बोलत न्हाई."

"इंग्रजी आपल्यासारखं बोलायचं हाय, बाबा."

"मंग बोल की. त्याला काय शिकावं लागतंय?"

तातेरावांना बोलायचं शिकावं लागलं नव्हतं. परतूरच्या बसस्थानकावर त्यांनी एकतीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत काढली होती. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. प्रत्येक गोष्ट ते दोनदा सांगत, एकदा जाग्या असलेल्यांसाठी आणि एकदा डुलक्या घेणाऱ्यांसाठी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरात भाजी संपल्याचंही ते दोनदाच जाहीर करत.

शनिवारी अकराला कॉल लागला. पलीकडं प्रिया मॅडम म्हणून एक पंचविशीची मुलगी होती. राजानंद कॅमेऱ्यात दिसत होता, हलत होता, तरी तिच्या चेहऱ्यावरचा संशय जाईना.

"असं करू," ती म्हणाली. "समजा, तीन विमानं एकदम आली. एकाचं इंधन संपत आलंय, दुसऱ्याचा पायलट चिडलाय आणि तिसऱ्याला नीट ऐकू येत नाहीये. धावपट्टी एकच. काय सांगाल? अगदी घरी बोलता तसं."

राजानंदनं खाकरून सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला लंडन आलं. त्यानं जीभ वळवली, तर गॅदरिंगचा गावकरी आला. कपाळावरून घामाचा ओघळ उतरला, आणि माणूस असल्याचा तेवढाच एक पुरावा पलीकडं पोचला. तितक्यात मागून आवाज आला.

"अरे, ज्याचं डिझेल कमी हाय त्याला आधी घे ना! सोपं तर हाय."

"बाबा, कॉल चालू हाय."

"मंग जल्दी सांग त्याला. वर लोकं लटकलेत."

"काका," प्रिया मॅडम एकदम पुढं सरकली, "हेच इंग्रजीत सांगाल का?"

तातेरावांनी पोराला कोपरानं बाजूला केलं आणि माइक तोंडाजवळ ओढला. एकतीस वर्षांच्या सवयीनं आधी त्यावर टिचकी मारून पाहिली.

"डिझेल लो साहेब, यू कम फर्स्ट. डिझेल लो साहेब, यू कम फर्स्ट. अँग्री साहेब, टू मिनिट वेट, टी घ्या. व्हॉट टू डू, ओन्ली वन प्लॅटफॉर्म. थर्ड गाडी, यू फॉलो अँग्री साहेब. नो कटिंग. आय ॲम सीइंग, नो कटिंग."

"बाबा, हवेत चहा कुठून येणार?" राजानंद कुजबुजला.

"त्यांच्या गाडीतच मिळतोय. विमानात बसून आलेल्या शेजारच्या शालूच्या जावयानं सांगितलं मला."

पलीकडं प्रिया मॅडम हसून हसून स्क्रीनबाहेर गेली होती. परत आली ती आणखी दोघांना घेऊनच. त्या तिघांनी तातेरावांकडून धुकं, टायर पंक्चर आणि धावपट्टीवर आलेलं कुत्रं, हे सगळं हाताळून घेतलं. कुत्र्यांचा तर त्यांना बसस्थानकावरचा मोठा अनुभव होता. अर्ध्या तासात चिकलठाण्याच्या टॉवरला कंट्रोलर मिळाला.

"आणि तुमचाही आवाज आम्ही वाया घालवणार नाही," ती शेवटी राजानंदला म्हणाली. "विमानतळावर हवामान सांगणारी एक टेप असते बघा. वारा इतका, तापमान इतकं. ती खऱ्या जगातसुद्धा यंत्रच वाचतं. तुमच्या रेकॉर्डिंगमधली हवामानाची वाक्यं तिथं जशीच्या तशी बसतील."

"म्हंजे पोरगं पास का फेल?" तातेरावांनी विचारलं.

"दोघंही पास, काका."

राजानंदला आनंद झाला नाही, हे सांगायलाच हवं. तीन वर्षं जिभेला व्यायाम दिला तो मशीन व्हायला! वळणावरच्या फ्लेक्सचा प्रश्न प्रितमनं सोडवला. त्यानं टोपी तशीच ठेवून तिच्याखाली तातेरावांचा फोटो चिकटवला. बावीस शुभेच्छुकांपैकी कोणाचीच हरकत नव्हती. सरपंचांनी तर सत्काराची तारीखही बदलली नाही.

पुढच्या रविवारी तातेराव गोधडीत बसले. राजानंद बाहेरून एकेका वाक्याचा अर्थ सांगत होता. शंभराव्या वाक्याला ते अडले.

"हे 'इन्फर्मेशन अल्फा ऐकली का' म्हंजे काय?"

"हवामानाची टेप. पायलटनं ती ऐकल्याबिगर कंट्रोलरनं त्याला घ्यायचं न्हाई, असा नियम हाय."

"ती टेप म्हंजे तूच ना?"

"हं."

"मंग कागदावर तुझं नाव का न्हाई?"

"मशीनला नाव नसतंय, बाबा."

गोधडीतून माइकवर टिचकी मारल्याचा आवाज आला. राजानंदची दुपारची पाळी होती, तो निघून गेला. राहिलेली वाक्यं म्हाताऱ्या-म्हातारीनं मिळून उरकली. चांगुणाबाईंनी एका हातानं गोधडी धरली आणि दुसऱ्या हातानं भाजीवाल्याला गप्प बसायची खूण केली.

दोन महिन्यांनी खेळ बाजारात आला. राजानंदनं पुण्याहून विमान उडवलं. जालना खाली उजवीकडं ठेवून तो चिकलठाण्याच्या दिशेनं वळला आणि बटण दाबून, आपल्या धुतलेल्या इंग्रजीत त्यानं टॉवरकडं उतरायची परवानगी मागितली.

"नमस्कार, पायलटसाहेब," टॉवरमधून बाप बोलला. "फर्स्ट यू लिसन अवर राजानंद. ही इज टेलिंग वेदर. व्हेरी गुड बॉय, व्हेरी हुशार. हिज पेपर, फर्स्ट टाइम पास. यू लिसन राजानंद, देन कम टू मी. विदाउट राजानंद, नो लँडिंग."

राजानंदचा हात कीबोर्डवरच राहिला. त्यानं वाक्यांचा कागद काढून पाहिला. तिथं फक्त एक ओळ होती, आणि बाकीचं सगळं गोधडीत वाढलेलं होतं. कंपनीनं त्यातला एक शब्दही कापला नव्हता. म्हणजे आता कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं चिकलठाण्यावर येणार आणि दरवेळी त्यांना हेच ऐकावं लागणार.

नियम म्हणजे नियम. विमान गोल गोल फिरवत त्यानं हवामानाची टेप लावली आणि स्वतःला शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वारा पश्चिमेचा, तापमान एकतीस, आभाळ मोकळं. आवाज कोरडा होता, पण एकही शब्द चुकलेला नव्हता. मग तो परत टॉवरकडं वळला.

"ऐकलं बाबा," तो म्हणाला. "समदं बराबर ऐकलं म्या. येऊ का आता?"

तीन वर्षांत पहिल्यांदा टॉवरशी तो अस्सल आष्टीच्या हेलात बोलला होता. प्रिया मॅडमला अगदी हाच आवाज हवा होता. पण बटण दाबायचं तो विसरला होता, त्यामुळं टॉवरनं काही ऐकलं नाही.

ऐकलं ते शेजारच्या खोलीतल्या तातेरावांनी. "ये की," ते पेपर बाजूला ठेवत म्हणाले, "परवानगी काय मागतोस?"